रामशेजनं काय जिंकलं?

नाशिकहून पेठच्या रस्त्यानं निघालं की थोड्याच वेळात आशेवाडीच्या डोक्यावर रामशेजचा डोंगर दिसू लागतो. वनवासात प्रभू रामचंद्र इथं विश्रांतीला येत, अशी इथल्या लोकांची श्रद्धा आहे. किल्ल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३२०० फूट. याच जिल्ह्यातला साल्हेर ५१०० फुटांच्या वर जातो. त्याच्यापुढं रामशेज ठेंगणाच. सह्याद्रीतल्या मोठ्या गडांना असतं तसं दाट रान, खोल दऱ्या, एकाखाली एक माच्या असं इथं काही नाही. भोवती बरीचशी मोकळी जमीन आणि मधोमध हा एकुलता डोंगर. धडधाकट माणूस तासाभरात माथ्यावर पोचतो. औरंगजेबाच्या फौजांना मात्र त्या माथ्यावर पोचायला पाच वर्षं लागली, आणि शेवटी त्या पोचल्या त्याही लढून नव्हे.

रामशेजच्या या झुंजीत एक जुना प्रश्न दडलेला आहे. किल्ला लढवणाऱ्याचा मान कशात असतो? शेवटचा माणूस पडेपर्यंत लढण्यात, आपली माणसं वाचवण्यात, की शत्रूला जास्तीत जास्त काळ पायथ्याशी अडकवून ठेवण्यात? या तिन्ही गोष्टी एकाच वेळी साधतातच असं नाही. जगभरच्या लढवय्यांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिली. रामशेजवरच्या लोकांचं उत्तर त्यात फार मोलाचं आहे.

सोपा वाटलेला घास

सप्टेंबर १६८१ मध्ये औरंगजेब अजमेरहून दक्षिणेकडं निघाला. नोव्हेंबरात तो बुऱ्हाणपुरात होता आणि मार्च १६८२ मध्ये औरंगाबादेत दाखल झाला. त्याचा बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. शिवाजी महाराजांना जाऊन दोनच वर्षं झाली होती. मराठ्यांचं राज्य अजून सावरलेलं नसेल, पहिल्याच धक्क्याला ते मोडेल, असा बादशहाचा अंदाज होता.

त्या पहिल्या धक्क्यासाठी नाशिकचा मुलूख निवडला गेला. नाशिक तेव्हा मोगलांच्या दप्तरी गुलशनाबाद होतं. हाताशी मोगली ठाणं, मैदानातून सरळ येणारी वाट आणि समोर एक बुटका किल्ला. एखादा किल्ला चटकन हाती आला की बाकीच्यांचं धैर्य आपोआप खचतं, हे युद्धातलं जुनं गणित आहे. ही कामगिरी शहाबुद्दीनखानावर सोपवण्यात आली. हाच पुढं गाजीउद्दीन फिरोजजंग म्हणून नावारूपाला आला. हैदराबादच्या पहिल्या निजामाचा हा बाप. म्हणजे बादशहानं इथं कुणी दुय्यम सरदार धाडला नव्हता.

गडावर शिबंदी किती होती? परंपरेत सहाशेचा आकडा सांगितला जातो. खाली हजारोंची फौज, तोफखाना, बेलदार आणि सुरुंग खणणारे.

लाकडाच्या तोफा, शेतातल्या गोफणी

या वेढ्याचं रंगतदार वर्णन मोगलांच्याच बाजूच्या इतिहासकारानं, खाफीखानानं, करून ठेवलं आहे. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली स्तुती असल्यामुळं तिला वेगळं वजन आहे. खाफीखान सांगतो की किल्ल्यात लोखंडी तोफा नव्हत्या. किल्लेदारानं लाकडाच्या तोफा बनवल्या, गडावर साठवलेलं कातडं त्या कामी लावलं, आणि अशी एकेक तोफ दहा तोफांचं काम करत होती. आकड्यात अतिशयोक्ती असेलही. पण नसलेल्या साहित्याचं रडगाणं न गाता असलेल्या साहित्यातून हत्यार उभं करणारी माणसं वर होती, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

दुसरं हत्यार दगडांचं. कड्यावरून लोटलेला धोंडा चढणाऱ्या तुकडीची वाट मोडतो. गोफणीतून सुटलेला गुंडा नेमका माणूस टिपतो. गोफण ही तर शेतकऱ्याची रोजची वस्तू. दोन दोऱ्या, मधे दगड ठेवायला विणलेली खोळ, एका दोरीचं टोक बोटात अडकवायचं, दुसरं वेळेवर सोडायचं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणारा पोर हे लहानपणीच शिकतो. असाच सराव असलेले हात गडाच्या तटावर असले, की दारूगोळा संपला तरी मारा थांबत नाही. डोंगरावर दगडांना तोटा नव्हता.

शहाबुद्दीनखानानं मोर्चे बांधले, सुरुंग खणवले. ते साधेना, तेव्हा त्यानं मोठा लाकडी दमदमा उभारायला घेतला. दमदमा म्हणजे किल्ल्याच्या तटाशी बरोबरी करणारा उंच बुरूज. त्यावरून आत तोफा डागायच्या. हा दमदमा पाचशे माणसं मावतील एवढा मोठा होता, असं सांगतात. रामशेज बुटका, म्हणूनच असा बेत कुणाला सुचू शकला. साल्हेरसमोर दमदमा बांधण्याची कल्पनाही कुणी केली नसती.

दरम्यान संभाजीराजे गप्प बसले नव्हते. रुपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांच्या तुकड्या नाशिक भागात उतरल्या आणि वेढ्याला बाहेरून तडाखे देऊ लागल्या. किल्ला लढतो तो एकट्याच्या बळावर कधीच नाही. आतली शिबंदी, बाहेरची फिरती फौज आणि या दोघांना माणसं, बातम्या नि धान्य पुरवणारा मुलूख, असे तिघं मिळून तो लढवतात. यातला एक जरी हटला तरी उरलेल्या दोघांचे दिवस भरले.

दोरांची रात्र

शहाबुद्दीनखानाला यश येईना, तेव्हा त्याच्या जागी खानजहान बहादूर आला. हा दक्षिणेत मुरलेला, अनुभवी सरदार. त्यानं रचलेला डाव खाफीखानानं तपशिलानं सांगितला आहे. रात्री गडाच्या एका बाजूला तोफा, बाजारबुणगे आणि आरडाओरडा यांचा मोठा देखावा करायचा. शिबंदी तिकडं धावली की दुसऱ्या बाजूनं दोनशेच्या आसपास निवडक माणसांनी दोर लावून गुपचूप वर चढायचं.

किल्लेदाराचे हेर जागे होते. त्याला बेत कळला. मग त्यानंही दोन भाग केले. देखाव्याच्या बाजूला थोडी माणसं ठेवली आणि त्यांना जमेल तेवढा गलका करायला सांगितलं, नगारे वाजवायला लावले. खऱ्या चढाईच्या बाजूला मात्र नंगी हत्यारं घेऊन माणसं कड्याच्या काठाशी दबून बसली. कुणी खोकलासुद्धा नाही. दोरावरून पहिली डोकी वर आली आणि वार झाले. वरचा माणूस कोसळताना खालच्यांना घेऊन गेला.

खानजहानाच्या काळातलीच दुसरी हकिकत मांत्रिकाची. भुतंखेतं आपल्या ताब्यात आहेत, असं सांगणारा एक जण खानाला भेटला. सोन्याचा साप करून द्या, तो हातात धरून मी पुढं चालतो, फौज माझ्यामागं बिनधोक किल्ल्यात शिरेल, असं त्यानं पटवलं. साप घडवला गेला. मांत्रिक पुढं, फौज मागं, अशी चढाई सुरू झाली. अर्ध्या वाटेवर वरून गोफणीचा दगड आला तो थेट त्याच्या छातीवर. साप एकीकडं, मांत्रिक दुसरीकडं. या हकिकतीत मला गडावरच्या विजयापेक्षा खालच्या फौजेची मनःस्थिती अधिक स्पष्ट दिसते. जगातल्या बलाढ्य बादशाहीचा नामांकित सेनापती मंत्रतंत्राकडं वळतो, तेव्हा त्याच्या तोफखान्याचा भरवसा आधीच संपलेला असतो.

अखेर खानजहानानंही वेढा उठवला. जाताना एवढ्या खर्चानं उभारलेला लाकडी दमदमा त्यानं जाळून टाकला. वरून मराठ्यांनी ढोल वाजवून आपला आनंद खालपर्यंत पोचवला. पुढं आणखीही सरदार धाडले गेले, पण तेही हात हलवत परतले.

पाण्यात बुडवलेला किल्ला

रामशेजचा वेढा सुरू झाला त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १५८२ मध्ये, जपानमध्ये एक वेढा पडला होता. बित्चू प्रांतातला ताकामात्सू हा सखल, दलदलीतला किल्ला. तो मोरी घराण्याच्या वतीनं शिमिझू मुनेहारू लढवत होता. वेढा घालणारा सेनापती हिदेयोशी. त्यानं चढाईत माणसं घालवण्याऐवजी लांबलचक बांध घातला, पावसाळ्यात फुगलेली नदी त्यात वळवली आणि किल्ल्याभोवती तळं केलं. मदतीला आलेली मोरींची फौज पलीकडून नुसती पाहत राहिली.

तेवढ्यात क्योतोमध्ये हिदेयोशीचा धनी ओदा नोबुनागा विश्वासघातानं मारला गेला. हिदेयोशीनं ती बातमी दडपली आणि घाईनं तह केला. त्यातली एक अट मुनेहारूच्या प्राणाची होती. मुनेहारू नावेतून त्या तळ्यावर आला आणि दोन्ही फौजांच्या देखत त्यानं सेप्पुकू केलं, म्हणजे सामुराई रिवाजानं स्वतःचा प्राण दिला. आतली माणसं वाचली. हिदेयोशी तडक माघारी फिरला, त्यानं यामाझाकीच्या लढाईत धन्याच्या मारेकऱ्याचा पाडाव केला आणि पुढं सगळ्या जपानचा सूत्रधार झाला.

इथं मान आणि विजय यांची वाटणी झाली. मान मुनेहारूच्या वाट्याला, विजय हिदेयोशीच्या. आणखी एकच दिवस किल्ला धरून ठेवता आला असता, नोबुनागाच्या मृत्यूची बातमी मोरींपर्यंत वेळेत पोचली असती, तर कदाचित तह असा झालाच नसता. मुनेहारूच्या धैर्यापुढं हात जोडावेसे वाटतात. पण वेढ्यात एका दिवसाची किंमत किती असते, हेही ताकामात्सूवर कळतं.

मराठी गडांवरचा मान

राजपुतान्यात मानाचा रिवाज आणखी वेगळा होता. १५६८ मध्ये चितोड पडणार हे दिसल्यावर आत जोहार झाला आणि उरलेले वीर मरणाच्या तयारीनंच बाहेर पडले. मराठी गडांच्या इतिहासात जोहाराची रीत दिसत नाही. इथं दुसरी रीत घडत गेली, आणि ती घडवण्यात शिवाजी महाराजांच्या न्यायबुद्धीचा मोठा वाटा आहे.

१६६० मध्ये शाईस्ताखानानं चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यानं तो पन्नासहून अधिक दिवस लढवला. सुरुंगानं बुरूज उडाला, बाहेरून मदत येण्याची आशा राहिली नाही, तेव्हा त्यानं किल्ला खाली केला. खानानं चाकरी देऊ केली, ती नाकारून तो महाराजांकडं परतला. महाराजांनी त्याला दूषण दिलं नाही. पुढं भूपाळगडासारखा किल्ला त्याच्या हवाली केला. लढून, वेळ काढून, माणसं घेऊन परत येणारा किल्लेदार मानकरी ठरू शकतो, असा हा निवाडा होता.

१६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे दिलेरखानावर तुटून पडला. खानानं देऊ केलेला कौल झिडकारून त्यानं रणात देह ठेवला. हा मानाचा परमोच्च क्षण. पण त्याच वर्षी जूनमध्ये महाराजांनी जयसिंगाशी तह केला आणि तेवीस किल्ले देऊन टाकले, बारा राखले. मुरारबाजीनं आपला मान प्राण देऊन राखला. महाराजांनी राज्य राखण्यासाठी मानहानी गिळली. नऊ वर्षांनी राज्याभिषेक झाला, तो त्या गिळलेल्या घोटामुळं शक्य झाला.

याच्या दुसऱ्या टोकाला प्रतापराव गुजर. विजापूरचा सरदार बहलोलखान हाती लागलेला असताना त्यानं त्याला सोडलं, महाराजांचा बोल लागला, आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ अवघ्या सहा सोबत्यांसह तो शत्रूच्या फौजेवर धावून गेला. सातही जण पडले. मराठी मन त्या सातांपुढं आजही नतमस्तक होतं, आणि व्हावंच. तरीही त्या दिवशी स्वराज्यानं आपला सरनौबत गमावला आणि शत्रूला काहीच गमवावं लागलं नाही, हा हिशेब आपण डोळ्याआड करू नये.

या दोन टोकांच्या मधे रामशेजचा किल्लेदार उभा आहे. त्यानं मरण शोधलं नाही आणि कौलही मागितला नाही. आजचा दिवस, उद्याचा दिवस, यंदाचा पावसाळा, असं करत त्यानं काळ जिंकला. त्या काळात संभाजीराजे जंजिऱ्यावर जाऊन आले, १६८३ मध्ये फोंड्याला पोर्तुगीज विजरईला मागं हटवून गोव्यात शिरले, आणि औरंगजेब मराठ्यांचा नाद सोडून १६८५ मध्ये विजापूरकडं वळला. हे सगळं एकट्या रामशेजमुळं घडलं, असं कुणी म्हणणार नाही. पण पहिल्या धक्क्याला मराठ्यांचं राज्य मोडेल, हा बादशहाचा अंदाज पहिल्यांदा मोडला तो इथं.

तट शाबूत, दरवाजा उघडा

मग रामशेज गेला कसा? सांगतात ते असं. संभाजीराजांनी किल्लेदाराचा वस्त्रं, रत्नजडित कडं आणि रोख रक्कम देऊन गौरव केला आणि त्याची नेमणूक अधिक महत्त्वाच्या किल्ल्यावर केली. नवा किल्लेदार आला. मुल्हेरचा मोगली किल्लेदार नेकनामखान यानं अब्दुल करीम नावाच्या जमीनदाराला मध्ये घालून त्याच्याशी संधान बांधलं. पैशाच्या मोबदल्यात १६८७ च्या सुमारास रामशेज मोगलांना मिळाला. त्याच वर्षी साल्हेरही असोजी या किल्लेदारानं नेकनामखानाच्या स्वाधीन केला. आदल्या वर्षी विजापूर बुडालं होतं, त्या वर्षी गोवळकोंडा बुडाला. वारा कुठल्या बाजूनं वाहतोय, हे पाहून कच्च्या मनाची माणसं डगमगू लागली होती.

हा धोका जुन्या कारभाऱ्यांना पुरता ठाऊक होता. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था वर्णिली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघं बरोबरीचे, एकमेकांच्या विचारानं चालणारे. एकाला परस्पर गड विकता येऊ नये, हाच त्यातला हेतू. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ही गडांना राज्याचा गाभा मानतं आणि तिथं नेमायच्या माणसांच्या पारखीवर भर देतं. अधिकाऱ्यांच्या बदल्या करणं हाही खबरदारीचाच भाग. रामशेजवर मात्र गुणी माणसाला बढती मिळाली आणि त्याच्या जागी आलेला माणूस त्याच्या तोडीचा निघाला नाही. गुणाचा गौरव करावा, हे खरं. पण तो करताना त्या गुणावर उभी असलेली जागा रिकामी राहणार नाही, हे पाहणं तितकंच गरजेचं असतं.

पैसे घेऊन किल्ला देणं नेहमीच फितुरी होती का? पुढची वर्षं पाहिली की उत्तर गुंतागुंतीचं होतं. १६९९ नंतर औरंगजेब स्वतः सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असा एकेक किल्ला घेत फिरला. मराठे शक्य तेवढं झुंजवत, पावसाळा तोंडावर आणत, आणि मग बऱ्याच ठिकाणी रक्कम घेऊन सामानसुमानासह उतरून जात. विशाळगडासाठी १७०२ मध्ये परशुराम त्रिंबकांना दोन लाख रुपये मिळाले. बादशहाची पाठ वळली की असे किल्ले पुन्हा मराठ्यांकडं येऊ लागले. शत्रूचा खजिना रिता करणारी ही लढाईच होती, कारण ती राज्याच्या धोरणाला धरून होती. रामशेजच्या दुसऱ्या किल्लेदारानं राज्याच्या पाठीमागं सौदा केला. रक्कम दोन्हीकडं आहे, पण निष्ठा कुणाशी, यावर मान ठरतो.

तेच कडे, १८१८ साली

नाशिकच्या किल्ल्यांची आणखी एक परीक्षा एकशे तीस वर्षांनी झाली. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांचा लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल त्र्यंबकगडापुढं आला. तो गड थोड्याच दिवसांत पडला आणि मग आसपासचे किल्ले एकामागून एक, बहुतेक विनाझुंज, खाली झाले. कडे तेच होते, पाण्याची टाकी तीच होती. पेशवा मात्र रानोमाळ पळत होता. मदतीला येणारी फौज नव्हती, पाठीशी राज्य उरलं नव्हतं.

झुंज झाली ती मालेगावच्या भुईकोटात, आणि तीही अरब शिबंदीनं केली. पगारी माणसं, परक्या मुलखातली, ज्याच्यासाठी लढायचं ते राज्य बुडालेलं. तरी मे-जूनमध्ये जवळजवळ महिनाभर त्यांनी इंग्रजांना झुंजवलं आणि त्यांची दोनशेहून अधिक माणसं जखमी किंवा ठार केली. दारूखान्याचा स्फोट झाल्यावर अटी ठरवून ते बाहेर पडले. त्यांच्या हातून कुठलंही राज्य वाचणार नव्हतं. त्यांनी वाचवला तो शिपाई म्हणून आपला मान. त्याचीही इतिहासात नोंद राहावी. पण मागं राज्य नसलेला मान एका किल्ल्यापुरता उरतो.

हिशेब मांडायचा झाला तर

रामशेजनं काय जिंकलं, याचं माझं उत्तर असं आहे. लढवय्याचा मान आणि राज्याचा विजय यांची फारकत होते, ती बहुधा माणूस आपल्या एका क्षणाकडं पाहू लागतो तेव्हा. मग तो क्षण नेसरीच्या चढाईचा असो की ताकामात्सूच्या नावेतला. रामशेजवरच्या माणसांनी क्षणाऐवजी वर्षं सांभाळली. त्यात डोळे दिपवणारं काही नाही. टाक्यातलं पाणी जपणं, धान्य मोजून वाटणं, रात्रीचा पहारा न चुकवणं, हेर पाठवणं, धोंडे रचून ठेवणं, अशा कामांची ती पाच वर्षं होती. कुणाच्याही एकट्याच्या नावावर न चढणारा पराक्रम असा रोजच्या कामातूनच उभा राहतो.

म्हणूनच रामशेजची गोष्ट मुलांना सांगताना लाकडाच्या तोफांशी आणि मांत्रिकाच्या फजितीशी थांबू नये, असं मला मनापासून वाटतं. शेवटचा सौदाही सांगावा. शेकडो माणसांनी घडवलेला मान एका माणसाला विकता आला, हे कळल्याशिवाय त्या शेकडो माणसांनी पाच वर्षं काय सांभाळलं होतं, हे पुरतं कळत नाही. गडाचा तट डोंगरानं दिलेला होता. फितुरीविरुद्धचा तट मात्र त्यांना रोज नव्यानं बांधावा लागत होता, आणि तो त्यांनी बांधला, हीच रामशेजची खरी जीत.